त्रिशला संदेश घेत नाही

माझा बाप मेल्यावरही कामावर येत होता, आणि येऊन बसत होता तो दुसरीच्या शेजारी. मला सांगा, कुठल्या लेकीला हे सोसेल?

ती दुसरी म्हणजे ईश्वरी खोत, वय एकतीस. मी त्रिशला मगदूम, सेहेचाळीसची. वाळवंडी उपसा जलयोजनेच्या नियंत्रण कक्षात आमच्या दोघींच्या जागा शेजारी-शेजारी, मध्ये काचेचा पडदा. नदीचं पाणी पाच टप्प्यांत उचलून वरच्या कोरड्या पठारावर न्यायचं, हे आमच्या योजनेचं काम. ईश्वरी पंप चालवते. मी पाणीपाळीचं वेळापत्रक लावते, म्हणजे कुठल्या गावाला कधी पाणी आणि कुठला टप्पा किती वाजता बंद. दोघींच्या पुढ्यात टर्मिनल: काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि पाठीमागं दोघींसाठी मिळून एकच मोठं यंत्र, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं. आता २०४१ साल उजाडलंय, लोक बोलून आणि बोट हलवून घरातली यंत्रं चालवतात, पण पंप, धरणं आणि वीज अजून टंकूनच चालतात. टंकलेल्याची नोंद राहते, आणि पाण्याच्या खात्यात नोंदीशिवाय कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही.

ईश्वरी टंकायला लागली की तिच्या अक्षरांच्या पुढं करड्या रंगाची फिकट अक्षरं उमटायची. तिनं ‘टप्पा तीन’ लिहिलं की पुढं आपोआप यायचं, ‘झडप पाऊण बंद, नव्वद सेकंद थांब, मग उरलेली.’ ती टॅबची कळ दाबायची, करडं पांढरं व्हायचं आणि दहा मैलांवर झडप हळूहळू मिटायची. झडप एकदम मिटली तर वाहतं पाणी मागं उसळतं आणि लोखंडी नळ फुटतो. त्यावरचं हे नव्वद सेकंदांचं औषध कुठल्या पुस्तकात नाही. ते माझ्या अप्पांचं. ती करडी अक्षरंही अप्पांचीच.

याला हातवळण म्हणतात. आम्ही नुसतं ‘हात’ म्हणतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी जुनी जाणती माणसं भराभर निवृत्त व्हायला लागली, तेव्हा ही युक्ती निघाली. माणूस टर्मिनलवर बसला की यंत्र त्याची प्रत्येक कळ टिपतं. दोन कळांमध्ये किती वेळ गेला, कुठल्या आज्ञेनंतर कुठली आली, कुठं तो घुटमळला, काय लिहून खोडलं, कधी उगाच हात मांडीवर ठेवून बसला, सगळं. दोन-तीन वर्षांच्या टिपणातून त्या माणसाच्या सवयींचा एक साचा तयार होतो. मग माणूस घरी गेला, आजारी पडला, मेला तरी त्याचा हात कामावर येत राहतो. लिनक्सवर प्रत्येकाची एक लपलेली सुरुवातीची फाइल असते. तुम्ही आत शिरलात की यंत्र ती वरून खाली वाचतं आणि तुमचे रंग, तुमचे शॉर्टकट, तुमच्या खोडी मांडून ठेवतं. हात बसवायचा म्हणजे त्या फाइलीत त्याला बोलावणारी एक ओळ लिहायची. अप्पांना बोलावणारी ओळ ईश्वरीच्या फाइलीत होती. माझ्या नव्हती.

का, तर हात शिकताना शेजारी जोडीदार लागतो आणि पुढं तो हात त्या एकाच जोडीदाराच्या बोटांशी जुळतो. अप्पांनी जोडीदार म्हणून माझं नाव द्यायला हवं होतं की नको? सोळा वर्षांची असल्यापासून मी त्यांच्या मांडीला मांडी लावून टर्मिनल शिकले. पुढं नोकरीही याच खोलीत लागली. आणि अप्पांनी नाव दिलं ते सहा महिन्यांपूर्वी आलेल्या या पोरीचं.

‘अप्पा, मी काय मेले होते?’ मी त्याच दिवशी विचारलं होतं.

‘त्रिशले, तू काही विचारत नाहीस गं. तुला सगळं येतंय. ही पोरगी दर घडीला का म्हणून विचारती. विचारणारं माणूस शेजारी नसलं तर हात काय शिकंल?’

‘पिकतं तिथं विकत नाही, असं सरळ म्हणा की.’

अप्पा चष्मा पुसत आपल्या जागेवर गेले.

आता डब्याचं सांगायला हवं. आम्ही जैन. अप्पांनी जन्मभर सूर्यास्तानंतर अन्नाचा कण तोंडात घातला नाही. डबा एकच यायचा, दोघांचा, आणि मागच्या व्हरांड्यात बसून आम्ही तो खायचो. सूर्य बुडायला वीस मिनिटं उरली की अप्पा त्यांच्या टर्मिनलवरून माझ्या टर्मिनलवर एक ओळ पाठवायचे. लिनक्समध्ये ही फार जुनी सोय आहे. घंटा नाही, चौकट नाही, दुसऱ्याची अक्षरं सरळ आपल्या चालू कामात येऊन पडतात. ‘डबा.’ एवढंच. मी ‘आले’ लिहून उठले नाही तर चार मिनिटांनी पुन्हा, आणखी चार मिनिटांनी तिसऱ्यांदा. चौथ्यांदा हाक मारायची त्यांची पद्धत नव्हती.

भांडणाच्या त्या संध्याकाळीही ‘डबा’ आलं, माझ्या अर्ध्या लिहिलेल्या आज्ञेच्या बरोबर मधोमध. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी संदेश घेणंच बंद करून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राग निवळला, मला माझीच लाज वाटली आणि मी संदेश परत चालू केले. मग वाट पाहिली. त्या संध्याकाळी पाहिली. नंतर दोन दिवस सुट्टी होती, तिसऱ्या दिवशी येऊन पुन्हा पाहिली. हाक आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

बोलावल्याशिवाय जायचं कसं? मगदुमांचं नाक मोठं. मी क्वार्टरवर जाऊन नवऱ्याबरोबर रात्री जेवायला लागले आणि सूर्यास्ताचा नेम सुटला तो सुटलाच. अप्पा मात्र डबा घेऊन व्हरांड्यात जाताना दिसायचे. मला खात्री होती की आता त्या डब्याला ईश्वरी बसत असणार. हात दिला तिथं घासही दिला असणार. दोन वर्षांनी अप्पांनी काम सोडलं आणि गावी माझ्या भावाकडं राहायला गेले. मी रविवारी भेटायला जायचे. पाऊसपाणी, गुडघे, औषधं, सगळ्यावर बोलायचो. डब्यावर ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. मागच्या फेब्रुवारीत ते गेले. तेराव्या दिवशी मी कामावर आले, तर काचेपलीकडं करडी अक्षरं उमटत होती आणि ईश्वरी त्यांच्याकडं बघून हसत होती. कशाला हसत होती देव जाणे. माझं मात्र काळीज करपलं.

*

एक एप्रिलपासून मी पाणीपाळीचं नवं वेळापत्रक लावलं. तिसरा टप्पा पूर्वी रात्री आठला बंद व्हायचा, तो मी संध्याकाळी साडेसहावर आणला. सहा दिवस टाकीत जागा होती म्हणून निभावलं, सातव्या दिवशी तिसऱ्या टप्प्याची टाकी भरून वाहिली. खालच्या अंगाला कोरे नावाच्या शेतकऱ्याच्या शिवारात शिजवलेली हळद पटांगणावर वाळत घातली होती. ती सगळी भिजून चिखलात गेली. कोऱ्यांचा फोन मीच घेतला. त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

ईश्वरीचं म्हणणं एकच. ‘ताई, टर्मिनल अडकलं. साडेसहाला मी आज्ञा लिहिली, पण पडदा हलंचना. आठ मिनिटांनी सुटलं आपोआप. हे रोज संध्याकाळी होतंय ओ, किती वर्षं झाली. आधी त्या वेळेला काही बंद करायचं नसायचं म्हणून मी गप थांबायची.’

कार्यकारी अभियंता घोरपडे साहेबांनी आम्हाला बोलावलं. ‘त्रिशला मॅडम, शुक्रवारपर्यंत कारण शोधा. नाही सापडलं तर भरमाप्पांचा हात पुसून टाकू आणि कंपनीचा तयार हात बसवू. एकदा पुसला की परत येत नाही, माहीत आहे ना? तुमचे वडील, म्हणून म्हणतो, अहवाल तुमच्याच सहीनं येऊ दे.’

‘साहेब, पुसू नका ओ,’ ईश्वरी म्हणाली.

आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. आतून गार वाटलं. माझे नाहीत तर तुझेही नाहीत, हेच मनात आलं. बापाच्या शेवटच्या खुणेबद्दल लेकीच्या मनात असं यावं, याची शरम आज वाटते. त्या दिवशी वाटली नव्हती.

*

बुधवारी मी काच ओलांडून तिच्या जागेवर जाऊन बसले. आठ वर्षांत पहिल्यांदा.

‘अप्पांना पुसणार काय ओ, ताई?’

‘अप्पांना आम्ही अग्नी दिलाय. हे यंत्र आहे. आणि माझ्या बापाला तू काका म्हण नाहीतर साहेब म्हण, अप्पा कशाला?’

तिनं खुर्ची बाजूला सरकवली. मी कामाला लागले. टर्मिनल अडकलं की आधी साधी कारणं बघायची. कंट्रोल आणि एस या कळा चुकून एकत्र दाबल्या गेल्या तर पडदा गोठतो, आणि कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतो. तसं नव्हतं. टर्मिनलचा प्रकार चुकीचा नोंदला गेला असेल तर ओळी एकमेकींवर चढतात. त्या चढत नव्हत्या. मग मी तिला सुरुवातीची फाइल न वाचता कोरंच आत शिरायला लावलं. करडी अक्षरं गेली. बिचारी दर ओळीला अडखळत होती, दोनदा चुकीचा टप्पा लिहून तिनं खोडला. पण संध्याकाळी टर्मिनल अडकलं नाही. म्हणजे दोष फाइलीत होता. गुरुवारी फाइल परत आणली आणि त्यातली फक्त एक ओळ काढून ठेवली, अप्पांना बोलावणारी. त्या संध्याकाळीही टर्मिनल अडकलं नाही.

‘झालं तर. हातातच खोट आहे,’ मी म्हटलं.

‘ताई, एकदा हे बघा तरी.’ ईश्वरीनं एक वही पुढं केली. ‘मी वेळ लिहून ठेवलीय. डिसेंबरात पावणेसहाच्या आत अडकायचं. आता साडेसहाला अडकतंय. रोज थोडं थोडं सरकतं. खोट असती तर एकाच वेळेला नसती आली?’

‘यंत्राचं घड्याळ चुकत असेल.’

‘घड्याळ बरोबर आहे. मी आकाशवाणीशी लावून बघितलंय. आणि ताई, तुमच्या फाइलीतही एकदा बघूया का? यंत्र एकच आहे ना? अप्पा... काका म्हणायचे, हातानं लावलेली सेटिंग बैठकीपुरती, फाइलीत लिहिलेली रोजची. म्हणून आधी सगळ्यांच्या फाइली बघाव्यात.’

झोंबल्या नाकाला मिरच्या. माझ्या बापाचं वाक्य ही मला शिकवणार! ‘ते मी तुझ्या जन्माआधीपासून ऐकतेय,’ मी म्हटलं. जन्माआधीपासून नव्हतं, पण म्हटलं. ‘माझ्या फाइलीला काही धाड भरलेली नाही.’

‘तुम्हाला माझा राग येतो ना, ताई?’

‘काम कर तुझं.’

*

शुक्रवारी सकाळी मी अहवाल लिहिला. चार ओळींचा. ‘हातवळण काढल्यावर दोष नाहीसा होतो. सबब हातवळण सदोष आहे. ते पुसून नवे बसवावे.’ खाली सही केली. त्र काढताना पेन अडखळलं नाही की काही नाही.

सोबत पुरावा जोडायचा असतो. हाताच्या नोंदी दोन फाइलींत जातात. पंपाशी संबंध असलेलं मोठ्या फाइलीत, आणि बाकी खाजवणं-खोकणं म्हणतात तसल्या सवयी ‘किरकोळ’ नावाच्या फाइलीत. ती कुणी उघडत नाही. मी उघडली, आणि पडद्यावर एकच वाक्य वरपासून खालपर्यंत धावत गेलं.

‘१८:२९ त्रिशला संदेश घेत नाही.’

‘१८:३३ त्रिशला संदेश घेत नाही.’

‘१८:३७ त्रिशला संदेश घेत नाही.’

मी मागं गेले. मार्चमध्ये सहा पंचवीसच्या आसपास. जानेवारीत सहाच्या आतबाहेर. डिसेंबरात पाच एक्केचाळीस, पाच पंचेचाळीस, पाच एकोणपन्नास. जूनमध्ये पावणेसात. ईश्वरी ड्युटीवर असेल त्या प्रत्येक दिवशी तीन ओळी, चार-चार मिनिटांच्या अंतरानं. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. मी मोजायला सांगितलं तर यंत्रानं पाच हजार सातशे बारा सांगितलं. काय सांगायचं होतं ते कुठंच नाही. संदेश नाकारला गेला की मजकूर राहत नाही, फक्त वेळ राहते.

पण त्या वेळा मला पाठ होत्या. अप्पांच्या टेबलाच्या काचेखाली सूर्यास्ताचा तक्ता असायचा, बारा महिन्यांचा. या त्यातल्याच वेळा होत्या, वीस मिनिटं वजा केलेल्या. सगळ्यात जुन्या नोंदी तर हाताच्या नव्हत्याच. त्या खुद्द अप्पांच्या होत्या, जिवंत बोटांनी टंकलेल्या. भांडणाच्या दुसऱ्या दिवशीच्या तीन ओळी तेवढ्या नव्हत्या. मला नंतर आठवलं, त्या दिवशी अप्पा दुपारीच गावी लग्नाला गेले होते, आणि नाकापायी मी त्यांच्या जागेकडं वळूनही बघितलं नव्हतं. म्हणजे मी दार उघडं ठेवलं त्या एकाच संध्याकाळी ते आलेच नव्हते. सुट्टीनंतरच्या दिवसापासून पुढं मात्र रोज होत्या.

‘मी तर चालू केले होते!’ मी मोठ्यानं म्हणाले. काचेपलीकडं ईश्वरीनं मान वर केली.

मी माझी फाइल उघडली. शेवटची ओळ, आठ वर्षांपूर्वीची:

mesg n

म्हणजे संदेश घेणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रागाच्या भरात मी ती ओळ अप्पांनी शिकवलेल्या शिस्तीनं थेट फाइलीत लिहिली होती, कारण कायमचं काही लावायचं तर ते फाइलीत, हे बोटांत भिनलेलं. आणि दुसऱ्या दिवशी राग गेल्यावर घाईघाईनं नुसतं हातानं mesg y, म्हणजे घेईन, एवढंच टंकलं, फाइलीला शिवले नाही. ते त्या बैठकीपुरतं. संध्याकाळी मी बाहेर पडले, आणि पुढच्या वेळी आत शिरताना यंत्रानं माझी फाइल वाचून पुन्हा सगळं बंद केलं. त्या दिवसापासून रोज मी येऊन बसत होते, रोज यंत्र माझं दार लावत होतं, आणि मी आत बसून म्हणत होते की बाप हाक मारत नाही.

अप्पांना मात्र रोज दिसत होतं, की त्रिशला संदेश घेत नाही. त्यांना वाटलं असणार की लेकीनं रोज नव्यानं ठरवलंय. तरी ते रोज तीनदा टंकत होते. आणि हात त्यांच्याकडून तेच शिकला. हाक मारायची, नकार घ्यायचा, हात मांडीवर ठेवून थांबायचं, पुन्हा हाक मारायची. ती आठ मिनिटं ईश्वरीचं टर्मिनल अडकायचं. कोऱ्यांची हळद भिजली ती माझ्या त्या एका ओळीपायी.

मी ईश्वरीपाशी गेले. ‘अप्पा डबा कुणाबरोबर खायचे?’

ती माझ्याकडं बघतच राहिली. ‘एकटेच की. व्हरांड्यात दोन वाट्या मांडून बसायचे. जायच्या आधी इथं काहीतरी टंकायचे, थांबायचे, पुन्हा टंकायचे. मी एकदा म्हटलं, अप्पा, मी बसू का? तर म्हणाले, नको पोरी, ही वाटी त्रिशलीची हाय.’

‘मग मला सांगितलं का नाहीस गं?’ मी ओरडलेच.

‘तुम्ही माझ्याशी बोलत होता काय, ताई?’

मी तिच्या टेबलाची कड धरून उभी राहिले आणि रडले. आठ वर्षं मी त्या पोरीच्या ताटाकडं बघून जळत होते, आणि तिच्या ताटात नुसतं काम वाढलेलं होतं. माझी वाटी माझ्यासाठी तशीच मांडून ठेवलेली होती.

*

अहवाल मी फाडला. दुसरा लिहिला. त्यात स्पष्ट लिहिलं की दोष हातात नाही, माझ्या फाइलीतल्या एका ओळीत आहे, टाकी माझ्या चुकीनं वाहिली आणि कोऱ्यांच्या हळदीबद्दल जे काही ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेईन. घोरपडे साहेबांनी तो दोनदा वाचला.

‘ओळ काढली ना? मग सुटलं.’

‘अर्धं सुटलं, साहेब. हात उत्तराची वाट बघतो. संध्याकाळी मी उत्तर दिलं की लगेच मोकळा होईल. नाही दिलं तर अडकेल.’

‘मग ती सवयच हातातून उपटून टाका. सरकारी यंत्र रोज संध्याकाळी डब्याला हाक मारणार, हे काय चाललंय?’

मी तोंड उघडण्याआधी ईश्वरी बोलली. ‘साहेब, साच्यात सवयी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक उपटली की शेजारच्या हलतात. झडपेचं नव्वद सेकंद थांबणं आणि हे चार मिनिटं थांबणं, दोन्ही एकाच माणसाचं थांबणं आहे. हे काढलं आणि तेही गेलं तर? नळ फुटला तर?’

साहेबांनी कपाळ चोळलं. ‘आणि मॅडम सुट्टीवर असल्या तर उत्तर कोण देणार?’

उत्तर एकच होतं, आणि ते मला द्यायचं नव्हतं. ती हाक माझी होती हो. आत्ता कुठं ती माझी असल्याचं मला कळलं होतं, दोन तास झाले नव्हते, आणि लगेच वाटून द्यायची? सुट्टीच घेणार नाही म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. मग मला ती रिकामी ठेवलेली वाटी आठवली, आणि दोन वर्षं तिच्याकडं बघूनही हात न लावणारी ही पोरगी आठवली.

‘मी नसेन त्या दिवशी हाक ईश्वरीच्या नावावर वळवते,’ मी म्हटलं. ‘उत्तर ती देईल.’

‘मी काय लिहू, ताई?’ तिनं हळूच विचारलं.

‘“आले” लिही. मी तेवढंच लिहायची.’ मग म्हटलं, ‘आणि अप्पाच म्हण. काका म्हटलं तर त्यांना कळायचं नाही, कुणाला म्हणतेस.’

साहेबांनी सही केली.

दुपारी मी तिसरा टप्पा पावणेसातवर सरकवला. घरी जाऊन डबा करून आणला, दोन वाट्या घेतल्या. माझ्या फाइलीतली शेवटची ओळ पुसली, तिथं mesg y लिहिलं, फाइलीतच लिहिलं, बाहेर पडून पुन्हा आत शिरले आणि तपासलं. मग मांडीवर हात ठेवून बसले. काचेपलीकडं ईश्वरीही काम सोडून माझ्याकडंच बघत होती.

सहा वाजून तीस मिनिटांनी माझ्या पडद्यावर, वेळापत्रकाच्या बरोबर मधोमध, अक्षरं पडली.

‘डबा.’

बोटं कळांवर गेली आणि तिथंच थांबली.

‘ताई, आलं का?’

‘आलं.’

‘मग द्या की उत्तर. माझं अडकलंय.’

‘अडकू दे. तुला पंधरा मिनिटं आहेत.’

चार मिनिटं गेली. मी पडद्यावरून नजर काढली नाही.

‘डबा, त्रिशले.’

अगदी तसंच. दुसऱ्या हाकेला ते नाव घ्यायचे, हे मी विसरूनच गेले होते.

‘ताई, अकरा मिनिटं राहिली ओ,’ ईश्वरी म्हणाली, पण तिच्या आवाजात घाई नव्हती. ती आपल्या खुर्चीतून उठून माझ्यामागं येऊन उभी राहिली होती. मी तिला जा म्हटलं नाही.

सहा अडतीस.

‘ये गं. मी थांबतो.’

मी ‘आले’ लिहिलं. एवढीशी ती दोन अक्षरं, पण लिहिताना पडदा दिसत नव्हता, दोनदा चुकले. काचेपलीकडं करडी अक्षरं लगेच हलली आणि ईश्वरी धावली. पावणेसातला तिसऱ्या टप्प्याची झडप पाऊण मिटली, नव्वद सेकंद थांबली, मग उरलेली मिटली. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून ते थांबणं बघत बसले. आठ वर्षांत इतक्या जवळून बघितलं नव्हतं.

भान आलं तेव्हा व्हरांड्यात अंधारून आलं होतं. डोंगरामागं सूर्य गेलेला. मी डबा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. अप्पांच्या नेमानं आता खाता येत नव्हतं. तिन्ही हाका ऐकायच्या हव्यासापायी माझी वेळ गेली होती.

‘उपास पडला की ओ तुम्हाला,’ ईश्वरी म्हणाली.

‘पडू दे,’ मी म्हटलं. ‘उद्या पहिल्या हाकेला उठेन.’